औषध पाण्याला दिलेलं

खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशावर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसले, की पाळणारा घाईने औषधाची बाटली आणतो. बाटलीवर माशाचं चित्र असतं. औषध मात्र माशाला दिलंच जात नाही, ते पाण्याला दिलं जातं. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि या उपचारात जे काही बिघडतं त्यातलं बरंचसं तिथूनच सुरू होतं.

हे ठिपके क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाच्या एकपेशीय परजीवीचे. माशाच्या कातडीच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या पापुद्र्याखाली शिरून तो तीन ते सात दिवस पोसला जातो. मग माशाला सोडतो, काही तास तळावर सरपटतो आणि दगडाला, वाळूला किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती कोष करतो. कोषात त्याचे भाग होत राहतात. शेवटी, बहुधा काळोखात, त्यातून २०० च्या आसपास सूक्ष्म पिल्लं पोहत बाहेर पडतात. त्यांच्यापाशी वेळ फार थोडा. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात, आणि त्यांचा जोर तर पहिल्या काही तासांतच ओसरू लागतो.

पाण्यातलं औषध या चक्रात कुठे पोचतं? ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्याच पापुद्र्याखाली सुरक्षित असतो. सफाई करणारा रास मासासुद्धा तिथून त्याला टिपू शकत नाही. पुढे कोषाची भिंत त्याला राखते. औषधाच्या हाती तो लागतो फक्त त्या मधल्या काही तासांत, पिल्लू उघड्या पाण्यात पोहत असतं तेव्हा. सगळे कोष एकाच दिवशी फुटत नाहीत, म्हणून औषधाची मात्रा एकही दिवस खाली न उतरू देता आठवडेच्या आठवडे टिकवावी लागते. दुसरीकडे, काहीही केलं नाही तरी ठिपके आठवड्याभरात आपोआप दिसेनासे होतात, कारण परजीवी कोष करायला खाली उतरलेला असतो. त्या सुमारास टाकीत जे टाकलेलं असेल, मग तो लसणाचा रस का असेना, त्याला गुण येतो. पुढच्या फेरीत ठिपके दसपटीने परततात आणि कल्ले भरून मासा तडफडतो. फसवणूक कुणीच केलेली नसते, तरी मासा मरतो.

जुनं आणि खात्रीचं औषध म्हणजे तांबं. त्याचा ओळखीचा क्षार, मोरचूद, आपल्याकडच्या बागायतदाराला सांगायला नको. मुक्त तांब्याची परिणामकारक मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. म्हणजे शंभर लिटर पाण्याला जेमतेम ८० मिलिग्रॅम मोरचूद, चिमूटभरही नाही. याच्या खाली गेलं तर पिल्लं जगतात. थोडं वर गेलं तर माशाचेच कल्ले जळतात, भूक मरते, प्रतिकारशक्ती ढासळते. समुद्रातला हाडांचा मासा सतत पाणी पितो, कारण खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेत असतं. म्हणजे तांबं त्याला बाहेरून लागतं आणि आतूनही. मुशी आणि पाकटांना तर ते अजिबात सोसत नाही.

मात्रा नेमकी ठेवणं अवघड का, हे बोर्डो मिश्रणाने उमगतं. सुपारीवर किंवा द्राक्षवेलीवर फवारताना मोरचुदात चुना घालतात, तो तांब्याला बांधून ठेवतो, म्हणून पान करपत नाही. समुद्री टाकीतली वाळू आणि ‘लाइव्ह रॉक’ नावाचा सजीव वस्तीचा खडक म्हणजे बहुतांशी चुन्याचाच क्षार, कॅल्शियम कार्बोनेट. सकाळी घातलेलं तांबं तो दगड संध्याकाळपर्यंत शोषतो, पाळणारा आणखी घालतो, आणि पुढे कधीतरी तेच तांबं हळूहळू पाण्यात परत सुटतं. त्याच पाण्यात प्रवाळ, कोळंबी, गोगलगाई, समुद्रफुलं आहेत. लिटरमागे मिलिग्रॅमच्या त्या छोट्याशा अंशातच त्यांचा जीव जातो. रोगी एक असतो, औषध सगळे पितात.

म्हणून मुख्य टाकीत तांबं घालायचं नाही. उघड्या काचेची, वाळू-दगड नसलेली, लपायला प्लास्टिकचे पाइप ठेवलेली वेगळी टाकी हवी. तिथे धोका वेगळा. जिवाणूंनी मुरलेला फिल्टर नसेल तर माशाच्या मलमूत्राचा अमोनिया दोन-तीन दिवसांत चढतो, आणि तो उतरवायला घातलेली काही द्रव्यं तांब्याला जास्त विषारी रूपात आणतात. शिवाय बांधलेलं तांबं आणि मुक्त तांबं यांच्या मात्रा वेगळ्या, आणि प्रत्येक टेस्ट किट दोन्ही नीट मोजत नाही. माझ्या मते तांबं मोजायची सोय नसेल तर तांब्याला हात लावू नये. शोभेचे बहुतेक सागरी मासे अजूनही प्रवाळखडकांवरून पकडूनच आणले जातात. आपण आणलेल्या जिवावर अंदाजाने विष ओतणं मला पटत नाही.

इतर औषधांचीही गत तीच. फॉर्मालिन पाण्यातला प्राणवायू खातं, म्हणून आधीच धापा टाकणारा मासा त्याने गुदमरतो. हिवतापावरचं क्लोरोक्विनही टाक्यांत वापरतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात एका जोडप्याने कोरोनाच्या भीतीने टाकीसाठीचं क्लोरोक्विन फॉस्फेट स्वतः घेतलं, आणि त्यात नवऱ्याचा मृत्यू झाला. अशी डबी घरात असेल तर तिला कुलूप हवं.

औषध फक्त पाण्यालाच देता येत असेल, तर पाणीच बदलून का टाकू नये? इस्रायलमधल्या एलात इथे आंजेलो कोलोर्नी यांनी १९८० च्या दशकात मत्स्यशेतीतल्या माशांवर हे करून दाखवलं. कोष फुटायला सहसा किमान तीन दिवस लागतात. दर तीन दिवसांनी मासा नव्या, कोरड्या करून भरलेल्या टाकीत हलवला की कोष मागे राहतात. चार बदलांत मासा मोकळा होतो, एक थेंबही औषध न देता. मात्र रोग हाच आहे याची खात्री हवी. सोनेरी धूळ बसल्यासारखा दिसणारा ‘व्हेल्व्हेट’, म्हणजे अ‍ॅमिलूडिनियम, याहून वेगाने फिरतो आणि काही दिवसांतच मासे नेतो. तिथे मी बदलाबदलीत वेळ न घालवता, नीट मोजलेलं तांबंच निवडेन.

उरते मुख्य टाकी. तिच्यात एकही मासा ठेवायचा नाही, म्हणजे बाहेर पडणारं प्रत्येक पिल्लू उपाशी मरेल. किती दिवस? एका कोषातून ७२ व्या दिवशी पिल्लं निघाल्याची नोंद आहे, म्हणून जाणते पाळणारे ७६ दिवस धरतात. या काळात प्रवाळांना आणि कोळंब्यांना खाणं द्यायचं, पंप आणि दिवे चालू ठेवायचे, आणि आजारी माशांच्या वेगळ्या टाकीत बुडवलेली जाळी किंवा ओला हात इकडे लागू द्यायचा नाही. साठाव्या दिवशी पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि मासा परत सोडायचा मोह होतो. तेव्हाही एखाद्या दगडाच्या खाचेत न फुटलेला कोष असू शकतो.