तेल वेळीच भरावे



भैंसा येथील आमच्या मंडळीतील एका तरुणाने मला विचारले, "काका, संगणक नीट चालू असताना तो बिघडेल म्हणून तजवीज करून ठेवणे, हे अविश्वासाचे लक्षण नाही का? उद्याची काळजी प्रभूवर टाकायची ना?"

प्रश्न मला झोंबला. गेल्या पावसाळ्यात माझ्या घरचा संगणक बंद पडला. आतील डिस्कच खराब झाली. शब्बाथशाळेचे कित्येक वर्षांचे पाठ व मुलांची नावे तिच्यात होती. रिकव्हरी ड्राइव्ह करून ठेवा, असे मुलाने दोनदा सांगितले होते. मी ते उद्यावर टाकले होते आणि त्या आळसाला विश्वास म्हणत होतो.

मराठी शुभवर्तमानाच्या छपाईशी जोडलेली एक गोष्ट येथे आठवते. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली व मराठी नवा करार १८११ साली बंगालमधील सेरामपूरच्या छापखान्यातून निघाला. ११ मार्च १८१२ रोजी त्या छापखान्याला आग लागली. शिशाचे खिळे वितळून गेले. पण ज्यांपासून खिळे घडवतात ते पोलादी ठसे व साचे राखेतून सुखरूप निघाले. तेच शिसे पुन्हा ओतून खिळे पाडले गेले आणि काही महिन्यांतच छपाई सुरू झाली. केरींची हस्तलिखिते मात्र जळाली. त्यांची दुसरी प्रत नव्हती; ती पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

रिकव्हरी ड्राइव्ह म्हणजे हे ठसे. विंडोजच्या संगणकासाठी १६ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह लागतो. त्यावर आधी असलेले सर्व पुसले जाते, म्हणून तो रिकामाच घ्यावा. संगणक अडला तर त्यावरून तो पुन्हा उभा करता येतो. परंतु आपली पत्रे, छायाचित्रे, मंडळीच्या नोंदी त्यात नसतात. ती हस्तलिखिते होत. त्यांची प्रत निराळी ठेवावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चिंता ही उद्याचे ओझे आज डोक्यावर घेते. तयारी ही आजचे कर्तव्य आजच करते. दहा कुमारींच्या दाखल्यात पाच जणी मूर्ख ठरल्या, त्या वराची वाट पाहत नव्हत्या म्हणून नव्हे, तर तेल घेतले नाही म्हणून. मध्यरात्री शेजारणीचे तेल उपयोगी पडले नाही. शिवाय माझ्या संगणकातील नावे माझी नव्हती, मंडळीची होती. मी केवळ कारभारी होतो. स्वतःचे गमावण्याची जोखीम घेणारा त्याला विश्वास म्हणो. दुसऱ्याची ठेव तशी सांभाळणारा हयगय करतो.

शेजाऱ्याच्या संगणकावर पेनड्राइव्ह तयार करून, नवी डिस्क घालून माझा संगणक सुरू झाला. नावे मात्र घरोघर जाऊन पुन्हा लिहून घ्यावी लागली. एका आजीने नातवंडांची नावे सांगता सांगता म्हटले, "एवढ्या दिवसांनी आलात!" त्या शब्दांनी मी लाजलो, पण प्रभूने माझ्या चुकीतूनही मला त्या उंबरठ्यावर नेले, याबद्दल मी त्याचे उपकार मानतो.

तरी वाचकहो, तुमचा संगणक आज चालू आहे ना? मग आजच हे काम करा, आणि रात्री निश्चिंतपणे प्रार्थना करून झोपा.