लिहिणारा, मंजूर करणारा, पाहणारा

शिरूरसारख्या कांद्याच्या तालुक्यांना 2023 मध्ये माहितीच्या मालकीचा प्रश्न थेट रुपयांत मोजावा लागला. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला राज्य सरकारने क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर केले, कमाल 200 क्विंटलपर्यंत. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी, अशी अट होती. बाजार समितीची विक्रीपट्टी हातात असूनही ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइल ॲपवर करायच्या पीक नोंदणीत, नोंद नाही म्हणून राज्यात अनेकांचे अर्ज अडले. शेवटी अट शिथिल करून गावपातळीवरच्या समितीकडे खातरजमा सोपवावी लागली.

पिकाची नोंद महसूल खात्याची, विक्रीची बाजार समितीची, अनुदान पणन खात्याचे. एका कामासाठी घेतलेली नोंद दुसऱ्याने पुरावा म्हणून मागितली, पण ती अपुरी निघाली तर निस्तरायचे कोणी, हे आधी ठरले नव्हते. भुर्दंड पडला तो शेतकऱ्यावर.

वास्तविक कोणी काय करायचे हे आधी ठरवण्याची शिस्त महसूल खात्याला नवी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार फेरफार तलाठी नोंदवतो (2024 पासून त्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी), हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते आणि नोंद प्रमाणित करतो तो मंडल अधिकारी. लेखनातली चूक दुरुस्त करायची तर कलम 155 खाली तहसीलदाराकडे जावे लागते. लिहिणाऱ्याच्या हाती मंजुरी नाही, हे या व्यवस्थेचे खरे बळ. पाहण्याचीही पायरी ठरलेली आहे: महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरचा उतारा कोणालाही दिसतो, पण कायदेशीर कामाला चालत नाही. त्यासाठी 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि गाव नमुना 12 मध्ये लिहिण्याचा अधिकार शेतकऱ्याकडे गेला. त्याची नोंद ग्राह्य धरायची, 48 तासांत त्याला ती दुरुस्त करता यावी आणि तलाठ्याने किमान 10 टक्के नोंदी पडताळाव्यात, अशी पुढे रचना झाली. अधिकाराबरोबर मोबाइल, रेंज आणि मुदत यांचे ओझेही आले. शिवाय दौंडमध्ये भीमाकाठचा ऊस कोणी वाट्याने करत असला, तरी नोंद खातेदाराच्याच नावावर होते. कसणारा त्या माहितीत दिसतच नाही, आणि हे नुसत्या ॲपच्या सुधारणेने सुटणारे नाही.

आता या माहितीच्या वापराची व्याप्ती वाढली आहे. 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. आधार, जमीन आणि पीक एका धाग्यात आले. माहिती संमतीने वापरायची, असे म्हटले जाते. पण क्रमांकाशिवाय योजना मिळत नसेल, तर ‘नाही’ म्हणायला जागा कुठे उरते? 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही सरकारी अनुदान आणि लाभांसाठी राज्यसंस्थेला संमतीविना वापराची वाट ठेवतो. तेव्हा संमतीच्या खुणेवर विसंबण्यात अर्थ नाही.

त्याऐवजी प्रत्येक रकान्यासाठी जबाबदार खाते जाहीर करावे आणि माहिती दुसऱ्या खात्याला देताना कारण व मुदत लिहून घ्यावी. फेरफार क्रमांकामुळे सातबारा कसा बदलत गेला ते कळते. त्याची माहिती कोणी, कधी, कशासाठी घेतली, हे सांगणारा रकाना मात्र त्यावर नाही. बँक असो वा विमा कंपनी, तिने घेतलेली प्रत खातेदाराला आपल्या मोबाइलवर दिसली पाहिजे आणि चुकीच्या वापरावर हरकत घ्यायला, फेरफाराला मिळते तशी, मुदत मिळाली पाहिजे.