प्रारब्ध आणि तीन मीटर

पाचवी पुजताना सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ती येऊन बाळाच्या कपाळी आयुष्य लिहून जाते, अशी श्रद्धा. माणूस अकाली गेला की ‘तेवढंच लिहिलं होतं’ म्हणत घरचे स्वतःला सावरतात, आणि त्यांच्या तोंडी ते शोभतं. शहराच्या आकड्यांना हेच वाक्य लावलं की मात्र गाडं अडतं. गोवंडी, मानखुर्द, देवनार हा मुंबईचा एम-पूर्व विभाग. १९२७ पासूनचा देवनारचा कचरा डेपो इथेच. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग अगदी तळाला. (इथल्या मृत्यूचं सरासरी वय ३९ असल्याचा आकडा फार फिरतो. तो जपून वापरावा. तरुण आणि लेकुरवाळ्या वस्तीत मरणाऱ्यांचं सरासरी वय कमीच भरतं, ते आयुर्मान नव्हे.) पण तो आकडा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच: लिहिणारी माणसागणिक लिहीत असेल, तर तिचं अक्षर महापालिकेच्या हद्दी का पाळतं?

कर्मवादी म्हणेल, ज्यांचं संचित तसं, ते तिथे जन्मतात. हा युक्तिवाद आकड्यांनी खोडता येत नाही. येईल तो आकडा तो पचवतो. तेव्हा त्याला त्याच्याच परिभाषेत गाठावं लागतं. २०१८ साली याच भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास पुढे आला. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये दर दहा घरांमागे साधारण एका घरात क्षयरोगी. पीएमजीपी वसाहतीत शंभरांमागे एका. पहिल्या दोन ठिकाणी इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर, खालच्या मजल्यांना ऊन नाही, वारा नाही, आणि रुग्णही तिथेच जास्त. तंबाखू, अर्धवट सोडलेली औषधं ही कारणं खोटी नाहीत. पण व्यसनं काही मजला बघून लागत नाहीत. पुनर्वसनात खोली सहसा सोडतीने मिळते. चिठ्ठीत पहिला मजला निघणं हे प्रारब्ध, असं खुशाल म्हणावं. मात्र ते तीन मीटर कुणाच्या पूर्वजन्मातून आलेले नाहीत. ते हयात माणसांनी नियम शिथिल करून, नकाशावर सही करून ठरवले. शास्त्राच्या हिशेबात हे त्यांचं क्रियमाण कर्म, आणि त्याचं फळ भोगतंय दुसरंच कुणी. ज्याचं कर्म त्याला फळ, हा सिद्धान्त खरा मानणाऱ्याला तर याची टोचणी नास्तिकापेक्षा जास्त लागायला हवी.

व्यवहारी आक्षेप अधिक अवघड आहे: अंतर वाढवलं तर घरं कमी होतील, आणि छप्पर नसलेल्याला हवेपेक्षा छप्पर मोलाचं. यात तथ्य आहे. या शहराने हे आधीही पाहिलंय: १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा कोंदट वस्त्यांत खेळावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते काढले. पण सुरुवातीच्या वर्षांत त्याने खोल्या पाडल्या जास्त, बांधल्या कमी, आणि उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत कोंबली गेली. मात्र हवा की छप्पर ही निवड गोवंडीपुढेच ठेवली जाते. मलबार हिलवर ती कुणाला करावी लागत नाही. जमिनीची ही वाटणी कुठल्याही सटवाईने केलेली नाही.