जाहिरात वाचून कोण आलं?

१९७१ साली कॅलिफोर्नियातल्या एका वर्तमानपत्रात छोटीशी जाहिरात आली. तुरुंगातल्या जीवनाच्या मानसशास्त्रीय अभ्यासासाठी कॉलेजातले तरुण हवेत, रोजचे १५ डॉलर, मुदत एक ते दोन आठवडे. ७५ जणांनी अर्ज केले, त्यांतले २४ निवडले गेले. नाणं उडवून काहींना पहारेकरी केलं, काहींना कैदी. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरातला फिलिप झिम्बार्डो यांचा हा प्रयोग सहा दिवसांतच आवरता घ्यावा लागला. पहारेकऱ्यांनी केलेला छळ पाहून जगाने निष्कर्ष काढला, की साध्यासुध्या माणसाच्या हाती सत्ता आली की तो क्रूर होतो.

कसं वागायचं हे पहारेकऱ्यांना आधीच सुचवलं होतं, अशी टीका पुढे झाली आणि ती गंभीर आहे. मला मात्र त्याच्याही आधीचा प्रश्न छळतो. ती जाहिरात वाचून जे आले, ते तरी साधेसुधे होते का?

२००७ साली थॉमस कार्नाहन आणि सॅम मॅकफार्लंड या अमेरिकी संशोधकांनी हेच तपासलं. त्यांनी दोन जाहिराती दिल्या. मजकूर एकच, फक्त एकीत तुरुंगाचा उल्लेख होता, दुसरीत नव्हता. तुरुंगाचं वाचून आलेल्यांमध्ये आक्रमकता, हुकूमशाही वृत्ती, कावेबाजपणा आणि आत्मप्रेम जास्त आढळलं, सहानुभूती कमी. अजून कोणाच्या अंगावर गणवेश चढला नव्हता, एकही दार बंद झालं नव्हतं. झिम्बार्डोंनीही चाचण्या घेऊन स्थिर मनाची मुलं निवडली होती, हे खरं. पण चाचणी आलेल्यांचीच घेता येते.

स्टॅन्ली मिलग्राम यांनी याबाबतीत जास्त काळजी घेतली होती. आज्ञापालनावरच्या आपल्या प्रयोगासाठी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये त्यांनी जाहिरात दिली ती कामगार, कारकून, न्हावी, विक्रेते अशांना बोलावणारी. विद्यार्थी नकोत असं स्पष्ट सांगून. मोबदला चार डॉलर, वर गाडीभाड्याचे पन्नास सेंट. तेवढ्याने माणसं पुरेनात, तेव्हा टेलिफोन डिरेक्टरीतून नावं काढून पत्रं पाठवली. प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून चाळीसपैकी २६ जणांनी शेजारच्या खोलीतल्या माणसाला, आपल्या समजुतीप्रमाणे, ४५० व्होल्टपर्यंतचे विजेचे धक्के दिले. हा आकडा आजही अस्वस्थ करतो, कारण ही नुसती कॉलेजातली पोरं होती असं म्हणून तो झटकता येत नाही.

एरवी बहुतेकांनी सोपी वाट धरली, म्हणजे आपल्याच वर्गातले, अर्थात आपल्याच देशातले विद्यार्थी. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकेतली मानसशास्त्राची सहा आघाडीची नियतकालिकं तपासली. सहभागींपैकी ६८ टक्के अमेरिकी होते आणि पाश्चात्त्य औद्योगिक देश एकत्र धरले तर ९६ टक्के. या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. तरीही निष्कर्ष लिहिताना ‘माणूस’ असंच लिहिलं जातं.

आपल्याकडे याहून बरं चाललं आहे असं मला वाटत नाही. व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म येतो, ‘कृपया भरा आणि पुढे पाठवा’. भरतात ते मित्र, मित्रांचे मित्र. म्हणजे स्मार्टफोन, इंग्रजी आणि दहा मिनिटांची फुरसत असलेले लोक. मग त्यातून ‘महाराष्ट्रातील तरुणांमधील नैराश्य’ अशा शीर्षकाचा प्रबंध उभा राहतो.

बीडमधल्या ऊसतोड मजुरांच्या एखाद्या गावात जानेवारीत मानसिक आरोग्याची पाहणी करून बघा. दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघून गेलेल्या असतात. घरी भेटतात म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली मुलं. ज्या बाईच्या झोपेबद्दल, भीतीबद्दल, थकव्याबद्दल विचारायला हवं, ती पहाटेपासून उसाच्या फडात मोळ्या बांधत असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हिशेबातसुद्धा ती एकटी मोजली जात नाही.

फडावर जायचं म्हटलं, की संशोधक सोय म्हणून मुकादमाला, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराला गाठतात. त्याने बोलावलं तर सगळ्या येतील आणि फॉर्मवर अंगठेही उठतील. पण ज्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतली आहे त्याच्या शब्दाला नाही म्हणणार कोण? त्या होकाराला संमती म्हणता येत नाही आणि मुकादमाच्या देखत दिलेल्या उत्तरांवर विसंबताही येत नाही. संध्याकाळी गाडी भरून झाल्यावर, ओळखीच्या एखाद्या आशा आरोग्यसेविकेबरोबर त्या बाईच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर जावं लागेल, मराठीत आणि तोंडी विचारावं लागेल. त्या बाईला बोलायचं नसेल तर तसंच परत यावं लागेल, आणि किती जणींनी नकार दिला हेही अहवालात लिहावं लागेल. याला वेळ लागतो, पैसा लागतो. पाहणीला अनुदान देणाऱ्यांनी पहिला खर्च यावर मंजूर करावा.