खरी नक्कल

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर खाली शिक्का असायचा: 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. लहानपणी वडिलांबरोबर चावडीवर गेलो की मला त्याचं हसू यायचं. नक्कल, आणि वर खरी! पुढे कळलं की त्यात चेष्टा काही नाही. खोटी नक्कल ही वेगळीच चीज असते आणि तिच्यापायी भावाभावांच्या पिढ्या कोर्टात जातात. सध्या हा शिक्का मला वरचेवर आठवतो. कारण सहा महिन्यांपूर्वी मी व्हायोलिनच्या आकाराची एक स्वस्तातली बेस गिटार घेतली, आणि ती अस्सल नाही.

अस्सल म्हणजे जर्मनीच्या हॉफ्नर कंपनीची '५००/१'. वॉल्टर हॉफ्नर यांनी ती १९५५मध्ये आखली, १९५६मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली. जगाला ती ठाऊक झाली पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात. १९६१मध्ये बीटल्स हँबर्गच्या क्लबांत रात्र-रात्र वाजवत होते. बेस वाजवणारा स्टुअर्ट सटक्लिफ चित्रकलेकडे वळला आणि ते काम मॅकार्टनीच्या गळ्यात पडलं. फेंडर घ्यायची तर शंभरेक पौंड हवेत. ही तीसेक पौंडांत मिळाली. शिवाय तो डावखुरा. दोन्ही अंगांनी सारखं असलेलं हे वाद्य उलटं धरलं तरी विचित्र दिसत नाही, हे कारण त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. आज संग्राहक जिच्यासाठी जीव टाकतात ती मुळात परवडली म्हणून घेतलेली वस्तू.

पण 'अस्सल' म्हणून तिच्यापाशी थांबावं, तर ती पुढे बोट दाखवते. हॉफ्नर मंडळी मूळची बोहेमियातल्या शोनबाखची. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचं नाव लुबी. कार्ल हॉफ्नर यांनी १८८७मध्ये तिथे कारखाना काढला. शोनबाख आणि सीमेपलीकडचं मार्कनॉयकिर्खन ही घाऊक व्हायोलिनांची गावं. घरोघर काम वाटलेलं: एका घरात नुसत्या माना कोरायच्या, दुसऱ्यात पाठी, तिसऱ्यात घोड्या. जुळणी झाली की पोटात एक छापील चिठ्ठी चिकटवायची, आणि तिच्यावर लॅटिनमध्ये क्रेमोनाच्या स्ट्रॅडिव्हेरियसचं नाव. त्यात लबाडी असेच असं नाही. पुष्कळदा अर्थ इतकाच की घाट त्याच्या धर्तीचा. माझ्या आजोबांचं व्हायोलिन असंच होतं. ती चिठ्ठी वाचून घरातल्या एका उत्साही जावयांनी त्याची किंमत लाखांत काढली होती. दुरुस्तीवाल्याने एका डोळ्याने आत पाहिलं, चहा संपवला आणि म्हणाला, "दर आठवड्याला एक येतं."

दुसऱ्या महायुद्धानंतर या भागातल्या जर्मनभाषकांना हुसकावून लावलं गेलं. हे कारागीर बव्हेरियात एर्लांगनजवळ आले आणि बुबेनरॉइट नावाच्या खेड्यात त्यांची वसाहत उभी राहिली. स्ट्रॅडिव्हेरियसच्या नकला करण्यात ज्यांच्या पिढ्यांचा हात बसला, त्यांनीच विजेच्या बेसला व्हायोलिनचं अंग दिलं. ती कल्पनाही पहिलीवहिली नव्हे. अमेरिकेत गिब्सनने १९५३मध्येच व्हायोलिनच्या आकाराचा बेस काढला होता: भरीव महोगनीचा, व्हायोलिनची छिद्रं नुसती रंगाने काढलेली. त्याच्या बुडाला बाहेर ओढायची दांडीही होती, म्हणजे थोरल्या डबल बेससारखा उभा धरून वाजवता यावा. नक्कल नेमकी कुणाची करायची, यावर एकाच वाद्यात दोन मतं!

बरं, खुद्द मॅकार्टनीचा तो १९६१चा बेस तरी? १९६४मध्ये त्याचा रंग नव्याने चढवला गेला आणि दोन्ही पिकअप एका लाकडी चौकटीत बसवले गेले. १९७२च्या ऑक्टोबरात लंडनच्या नॉटिंग हिल भागात गाडीतून तो चोरीला गेला. पन्नासएक वर्षांनी दक्षिण इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडला, आणि तो तोच असल्याचं २०२४च्या फेब्रुवारीत जाहीर झालं. म्हणजे इतकी वर्षं अस्सल माळ्यावर धूळ खात होता आणि नकला मैफली गाजवत होत्या. इटलीत एकोने व्हायोलिन-बेस केले, जपानमध्ये ग्रेकोने, पुढे एपिफोनने. हार्ले बेंटनच्या नावाने आजही स्वस्तात मिळतात. आणि हॉफ्नर कंपनी स्वतःच चीनमध्ये 'इग्निशन' नावाची स्वस्त आवृत्ती करून घेऊ लागली. आपल्या सहीची नक्कल आपणच करावी, तसं. आपल्याकडे कोलकात्यात गिटारींवर 'गिव्हसन' आणि 'हॉबनर' अशी नावं आहेत. त्यांतलं एकेक अक्षर हलवलं की काय दिसतं ते वाचकाने पाहावं.

मग नकलेत बघायचं काय? माझं मत जरा उफराटं आहे. गुण कुणीही उतरवतो, खोड उतरली आहे का ते बघावं. अस्सल हॉफ्नर आतून पोकळ. वर स्प्रूसची पातळ पाटी, पाठ नि कडा मेपलच्या, वजन सव्वादोन किलोच्या आसपास. फेंडरची तार चौतीस इंच, हिची तीस. त्यामुळे ताण कमी, बोटांना सुख. टोनचं बटण नाही. आवाजाची दोन बटणं आणि तीन खटके, ज्यांचा हिशेब वाजवणाऱ्यालाही लवकर लागत नाही. अंग हलकं म्हणून मान खाली जाते. आवाज चढवला की पोकळ पेटी घुमायला लागते आणि अँपमधून भोंगा सुरू होतो. या साऱ्यावर इलाज म्हणून काही नकलाकार आत मधोमध लाकडाचा ठोकळा भरतात. घुमणं कमी होतं, सूर लांबतो. मंचावर मोठ्याने वाजवणाऱ्याने खुशाल तोच घ्यावा. पण मग तो व्हायोलिनचा सदरा घातलेला कुणी दुसराच झाला. हॉफ्नरचा सूर 'ढुब्' करून उमटतो आणि मिटतो. त्या मिटण्यासाठीच तर ही सगळी यातायात.

सगळ्यात मोठी खोड घोडीची. ती चिकटवलेली नसते, स्क्रूने बसवलेली नसते. व्हायोलिनसारखी नुसत्या तारांच्या दाबाखाली उभी असते. काळ्या लाकडाच्या त्या पट्टीवर बारीक खाचा, आणि त्या खाचांत गिटारीच्या पडद्याच्या तारेचे चिमुकले तुकडे खोचलेले. एकेका तारेचा सूर जुळवायचा तर तो तुकडा नखाने एका खाचेतून दुसरीत न्यायचा. दुकानातून आलेल्या तारा बदलायच्या म्हणून पहिल्याच रविवारी मी चारही एकदम सैल केल्या. घोडी टुणकन उडाली आणि पलंगाखाली गेली. तुकडे दोन सापडले, तिसरा झाडूबरोबर निघाला, चौथ्यासाठी फरशीला गाल लावून टॉर्च मारावा लागला. आता घोडीच्या चारी कोपऱ्यांना पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि तारा मी एकेक करूनच बदलतो.

तारा बदलायच्या त्या सपाट गुंडाळीच्या, ज्यांना फ्लॅटवाउंड म्हणतात. खरखरीत गोल गुंडाळीच्या तारा चढवल्या की हे वाद्य उगाच दुसऱ्याच्या आवाजात बोलतं. वर घोडीजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवायचा. हे करताना मला तंबोऱ्याची आठवण आली. मिरजेचा कारागीर घोडीची जवारी तासतासून काढतो, आपण तारेखाली सुताचा धागा सरकवतो. का, तर तारेतले वरचे स्वर मोकळे व्हावेत, एका षड्जातून सगळं गाव उजळावं. इथे त्याच जागी, तारेखाली, तशीच क्षुल्लक वस्तू सरकवून नेमकं उलटं साधायचं. वरचे स्वर विझवायचे आणि बुंधा तेवढा ठेवायचा. सतारवाले बंद जवारी म्हणतात, तिच्याही पलीकडचं हे.

अँपचा पेच इथूनच सुरू होतो. बेसच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनं सेकंदाला एकेचाळीस. छोटा स्पीकर इतकं खाली उतरूच शकत नाही. तो त्याच्या दुपटीचा, तिपटीचा स्वर देतो आणि खालचा स्वर आपला कान मनानेच भरून काढतो. पण हे तेव्हाच, जेव्हा वरचे स्वर शाबूत असतात. आपण तर स्पंज लावून ते मारून टाकले. मग बिचाऱ्या कानाने पकडायचं काय? चकचकीत तारांचा भरीव बेस लहानशा डब्यातूनही ओळखू येतो. ही पोकळ बया मात्र तिथे उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी वाटते. म्हणून माझा हिशेब असा: पैसे मोजकेच असतील तर वाद्यात वाचवावेत आणि स्पीकरमध्ये घालावेत. घरात तीस-चाळीस वॅट पुष्कळ झाले. पण स्पीकर दहा इंचांहून लहान नको, बारा असला तर उत्तम, आणि खोकं जाड लाकडाचं हवं. गिटारच्या अँपमध्ये बेस खुपसून आवाज चढवायचा नाही, स्पीकरचा पडदा फाटतो.

थोरामोठ्यांचंही सुरुवातीला असंच भागलं. लिव्हरपूलच्या एड्रियन बार्बर या वादकाने मॅकार्टनीसाठी पंधरा इंची स्पीकरचं उंच काळं खोकं ठोकून दिलं. त्याला सगळे 'शवपेटी'च म्हणत. व्हॉक्स कंपनीचे अँप नंतर आले. अमेरिकेत अँपेगचं 'बी-१५' १९६०मध्ये निघालं: तोच पंधरा इंची स्पीकर, आणि वाजवून झालं की यंत्राचा भाग उलटा करून खोक्यातच ठेवून द्यायचा. हल्ली डिजिटल अँपमध्ये एक बटण दाबलं की यांतला हवा तो आवाज निघतो. जोर लावला की जुना व्हॉल्व्ह जसा दमायचा, तो दमही त्यात घातलेला असतो. खोड उतरवायला हवी हे त्या इंजिनिअरांनाही कळलेलं दिसतं.

एक गंमत उरलीच. ज्या ध्वनिमुद्रिका ऐकून मी या नादाला लागलो, त्यांतल्या १९६५नंतरच्या बऱ्याचशा गाण्यांत हॉफ्नर नाहीच. 'पेपरबॅक रायटर'मध्ये रिकनबॅकर आहे, आणि खालचे सूर भरदार यावेत म्हणून ईएमआयच्या इंजिनिअरांनी चक्क लाउडस्पीकरचाच मायक्रोफोन केला होता. माझ्या कानात वर्षानुवर्षं जो 'हॉफ्नरचा' आवाज होता तो अर्धाअधिक दुसऱ्याच वाद्याचा निघाला.

सध्या बारा इंची अँप खुर्चीवर ठेवलाय. आधी तो जमिनीवर होता. एकेचाळीस कंपनांची लाट हवेत आठ मीटरहून लांब असते; इतके खालचे सूर भिंती-फरशीला फारसे अडत नाहीत, ओलांडून जातात. खालच्या मजल्यावरच्या काकू दोन दिवस वाट बघून वर आल्या. दारातच विचारलं, "पिठाची चक्की घेतलीत का हो?" मी त्यांना आत बोलावून बेस दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, आतल्या चिठ्ठीवर नजर टाकली, एक तार छेडली. 'ढुब्' झालं आणि मिटलं. "व्हायोलिन म्हणावं तर फारच भसाडं आहे," म्हणाल्या, आणि चहा घ्यायला बसल्या.