शंभरात शहाण्णव गुण

1884 साली अमेरिकेत जॉन फिनली यांनी टॉर्नेडोच्या अंदाजांचा हिशेब मांडला. 2803 अंदाजांपैकी शेकडा 96.6 बरोबर! त्यावर जी. के. गिल्बर्ट यांनी दाखवलं, की रोज डोळे मिटून ‘टॉर्नेडो येणार नाही’ म्हटलं असतं, तर 98.2 टक्के मिळाले असते. प्रत्यक्षात आलेल्या 51 टॉर्नेडोंपैकी फिनलींना 28च हेरता आले होते.

दिल्लीच्या हवेचा अंदाज तपासताना मला हाच हिशेब आठवतो. पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने 2018पासून दिल्लीसाठी हवाप्रदूषणाची पूर्वसूचना यंत्रणा चालते. हिवाळ्यात तिथली हवा दिवसेंदिवस कुंद राहते, त्यामुळे ‘उद्या आजच्यासारखंच’ एवढं म्हणणाराही पुष्कळदा बरोबर ठरतो. यंत्रणेतल्या संगणकीय मॉडेलची खरी परीक्षा हवा पालटते त्या दिवशी: वारा पडतो, पंजाब-हरियाणात शेतात जाळलेल्या पराळीचा, म्हणजे भाताच्या काडाचा धूर येतो आणि हवेचा गुणवत्ता निर्देशांक 400 ओलांडतो. एका दिवशी हवेतले सूक्ष्मकण घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम कमी सांगितले, दुसऱ्या दिवशी 80 जास्त, तर सरासरी चूक शून्य दिसते. त्या शून्यात दमेकऱ्याचा तो पहिला, इशाऱ्याविना गेलेला दिवस लपलेला असतो.

याहून मला खुपते ती चुकीच्या कारणाने आलेली बरोबर संख्या. समजा, मॉडेलने वाहनांचा धूर कमी धरला आणि तो हवेच्या ज्या थरात मिसळतो त्याची उंचीही कमी धरली. दोन चुका एकमेकींना झाकतात, सूक्ष्मकणांचा आकडा जुळतो. मग आपण विचारतो, गाड्या थांबवल्या तर किती फरक पडेल? उत्तर चुकतं, आणि ते चुकलंय हे जुळलेल्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून थराची उंची, वारा, कणांमधल्या कार्बन-सल्फेटचं प्रमाण, हे सगळं वेगवेगळं मोजून ताडायला हवं. काम किचकट आहे. पण ते टाळून दिलेल्या गुणांवर माझा विश्वास बसत नाही.

कारण अंदाज कागदावर राहत नाही. दिल्लीत प्रदूषण सरकारी कृती आराखड्याच्या तिसऱ्या टप्प्यावर गेलं की बहुतेक बांधकामं थांबतात. इशारा फुकट गेला तर बिगाऱ्याची रोजी बुडते. इशारा आलाच नाही तर तोच बिगारी दिवसभर त्या हवेत पाट्या उचलतो. या दोन चुकांचं वजन सारखं नाही, आणि ते किती धरायचं हे संगणक ठरवू शकत नाही. निदान उद्याच्या अंदाजाशेजारी कालचा अंदाज आणि काल मोजलेली हवा, दोन्ही रोज छापावीत, त्या बिगाऱ्यालाही वाचता येतील अशा अक्षरांत.