मजुरी चुकती केल्यावर



आपल्या कऱ्हेकाठी वर्षातून दोनदा परगावची माणसे मोठ्या संख्येने येतात. ज्येष्ठ-आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी येते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे तिचे आपल्या दोन तालुक्यांतले मुक्काम आपल्याला तोंडपाठ आहेत. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला अश्व धावतात. त्या दिवसांत वारकऱ्याने कोणाच्याही दारात उभे राहावे. पाणी मिळते, भाकरी-पिठले मिळते, दुखरे पाय चेपून मिळतात. तू कुठला, कुणाचा, असे कोणी विचारत नाही. आपल्यातील कित्येक ख्रिस्ती घरांतूनही त्या दिवशी चहाचे पातेले चुलीवरून उतरत नाही.

दुसरी माणसे दिवाळी उलटली की येतात. बीडहून येतात, अहिल्यानगरच्या दुष्काळी तालुक्यांतून येतात, जालना-परभणीकडून येतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या आणि वर बसलेली लेकरे. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी या कारखान्यांच्या परिसरात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पालखी गावात एक रात्र, फार तर दोन रात्री असते. ही माणसे चार-पाच महिने असतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. तरी त्यांच्यापैकी एकाचे नाव आपल्याला सांगता येईल काय?

हे आम्ही कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपली माणसे कठोर आहेत असे म्हणावे तर पालखीचा दिवस आडवा येतो. तोच गाव, तीच माणसे, तोच हात. मग जूनमध्ये सैल सुटणारा हात डिसेंबरमध्ये का आखडतो? या प्रश्नात चांगुलपणाविषयी काही शिकण्यासारखे आहे, असे आम्हांला वाटते.

एक उत्तर असे की वारकऱ्यात आपण देव पाहतो आणि तोडणी कामगारात मजूर. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. आमच्या मते खरा फरक पैशाचा आहे. वारकऱ्याशी आपला व्यवहार नसतो, म्हणून त्याला द्यायचे ते सगळे मनाने द्यावे लागते. ऊसतोड कामगाराशी व्यवहार असतो. फड तोडला, मोळ्या बांधल्या, गाडी भरली, काटा झाला, टनामागे जो दर असेल तो मुकादमामार्फत मिळाला. हिशेब मिटला. आणि हिशेब मिटला की माणूसही मिटला, असे आपले मन परस्पर ठरवून टाकते. “पैसे देतो ना? मग आणखी काय पाहिजे?” हे वाक्य आपण फक्त फडात ऐकत नाही. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंविषयी ऐकतो, रिक्षावाल्याविषयी ऐकतो, हॉटेलात टेबल पुसणाऱ्या पोराविषयी ऐकतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हां विद्यार्थ्यांत एक वाद नेहमी रंगायचा. चांगुलपणा ही भावना की कर्तव्य? जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली लिहिलेल्या ग्रंथात असा माणूस कल्पिला आहे, ज्याला दुसऱ्याविषयी कसलाही उमाळा येत नाही, तरी तो कर्तव्य म्हणून मदत करतो. कांटच्या मते नैतिक मोल त्याच्याच कृतीला. आमच्यातले निम्मे कांटच्या बाजूने असत, निम्मे म्हणत की अशा माणसाच्या हातचा चहासुद्धा गार लागेल. वाद जेवणाच्या घंटेपर्यंत चाले.

त्या वादाला संत थॉमस अक्वायनस यांनी कांटच्या पाचशे वर्षे आधीच वेगळे वळण दिले होते. रोजच्या जगण्यात एकमेकांशी नीट वागणे, बोलण्यात गोडवा ठेवणे, समोरच्याला हलके वाटू न देणे, हा एक स्वतंत्र सद्गुण आहे, असे ते ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगतात. आपण त्याला सौजन्य म्हणू. आपल्याकडचा जुना शब्द माणुसकी. पण हा सद्गुण ते कोठे ठेवतात पाहा. दानधर्माच्या कप्प्यात नव्हे, न्यायाच्या कप्प्यात! म्हणजे हे देणे आहे, उपकार नव्हे. कोर्टात दावा लावून वसूल करता येईल असे ते देणे नाही, हे थॉमस मान्य करतात. ज्याला चांगला माणूस म्हणवून घ्यायचे आहे त्याच्यावरच ते बसते. आणि कारण देतात ते अगदी व्यवहारी आहे: माणसे एकत्र राहायची तर जसे सत्य लागते तशी प्रसन्नताही लागते. सगळेच खोटे बोलू लागले तर गाव चालणार नाही. सगळेच तुसडे झाले तरीही चालणार नाही.

एवढे मान्य केले की व्यवहाराची सबब गळून पडते. मजुरीने श्रम विकत घेतले जातात. त्या श्रमांबरोबर जो माणूस आला तो विक्रीला नव्हता, म्हणून त्याची किंमतही दिली गेलेली नाही. चुकती झाली ती मजुरी. ते देणे शिल्लकच आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात दयाळूपणाविषयी मुद्दाम लिहिले आणि संत पौलाने पवित्र आत्म्याच्या फळांत वापरलेल्या ग्रीक शब्दाकडे लक्ष वेधले. तो शब्द ‘ख्रेस्तोतेस’. याच मुळातला शब्द मत्तयच्या शुभवर्तमानात आणखी एके ठिकाणी येतो आणि तो कऱ्हाटीच्या माणसाला चटकन कळावा असा आहे. प्रभू येशू आपल्या जुवाविषयी बोलतात तेथे तो आहे. सोयीचे, अंगाला बसणारे, न काचणारे जू!

गळिताच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर बैलांचे खांदे पाहावेत. सुजलेले, सोललेले, कधी हळद भरलेले. ओझे सगळ्याच बैलांना असते. ज्याचे जू नीट बसत नाही त्याचा खांदा आधी जातो. काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी गाडीच्या पुढे जुवाखाली एक आधाराचे चाक बसवून पाहिले होते, त्याची छायाचित्रे आपल्यातील अनेकांनी मोबाइलवर पाहिली असतील. गाडीतला ऊस तेवढाच राहिला, मानेवरचा भार चाकाने घेतला. सौजन्याचे काम साधारण या चाकासारखे असते. ते ऊस कमी करत नाही.

येथे कोणी विचारील आणि विचारायलाच हवे: फादर, गोड बोलून काय होणार? दर वाढवा, घरे द्या, शाळा द्या. शंभर टक्के खरे आहे. जानेवारी २०२४ मध्ये लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ दिली, ती गोड बोलण्याने मिळालेली नाही. संघटना आणि संप यांनी मिळाली. ज्याचे वजन काट्यावर मारायचे त्याला “या पाव्हणं, चहा घ्या” म्हणणे हे सौजन्य नव्हे, तो दुसरा काटा आहे. संत याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असे सांगितले आहे. त्या ओरडण्यावर आपण हसऱ्या चेहऱ्याचे झाकण ठेवू शकत नाही.

पण उलट बाजूही पाहा. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक सांगितली गेली: लहान वयातले लग्न, डोक्यावर मोळ्या वाहणे, पैशासाठी शस्त्रक्रिया सुचवणारे काही डॉक्टर. त्यात हीही होती की फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही आणि पाळीच्या दुखण्याने एक दिवस घरी बसले तर खाडा लागतो, तो उचलीच्या हिशेबात चढतो. यातले काही सरकारने करायचे आहे, काही कारखान्याने. परंतु आडोसा आणि पाणी? ज्याच्या बांधावर विहीर आहे, मोटार आहे, त्याला शासकीय आदेशाची वाट पाहावी लागत नाही. चार बांबू आणि जुनी ताडपत्री. “बाई, बोअर चालू करून ठेवलाय, पाणी भरून घ्या,” हे एक वाक्य. असल्या कितीतरी लहान गोष्टी न घडल्यामुळे तो मोठा आकडा तयार झाला आहे.

जुन्या करारातील रूथची कथा आपण लग्नाच्या मिस्सेत ऐकतो, पण ती आधी शेताची कथा आहे. रूथ मवाब देशाची, विधवा, परक्या गावात सासूला घेऊन आलेली. कापणी चालू असलेल्या शेतात ती सरवा वेचायला जाते. सरवा म्हणजे काय हे आपल्या जिरायत पट्ट्यातल्या आजीबाईंना समजावून सांगावे लागत नाही. शेताचा धनी बवाज येतो. तो आल्या आल्या कापणाऱ्यांना देवाच्या नावाने नमस्कार करतो, मग मुकादमाला विचारतो की ही कोण. तिला सांगतो की तहान लागली की माझ्या माणसांनी भरलेल्या घागरीतले पाणी पी. जेवणाच्या वेळी आपल्या माणसांत बसवून घेतो. शेवटी आपल्या गड्यांना हळूच बजावतो की तिच्यासाठी पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम गळू द्या आणि तिला टाकून बोलू नका.

ही शेवटची गोष्ट आम्हांला फार मोठी वाटते. बवाज तिला पोतेभर धान्य उचलून देऊ शकला असता. मग संध्याकाळी ती भिकारीण म्हणून घरी गेली असती. त्याने कणसे गळू दिली, आणि ती स्वतःच्या कष्टाचे धान्य झोडपून घेऊन गेली. मदत तर झाली, मान वाकली नाही.

आपल्या भागालाही हा अनुभव आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस दुष्काळ पडला तेव्हा ‘कासा’ या ख्रिस्ती संस्थेकडून आलेला गहू आणि तेल बारामती तालुक्यात फुकट वाटले गेले नाही. लोकांनी पाझर तलाव खोदले आणि कामाच्या मोबदल्यात धान्य नेले. ज्यांनी तेव्हा डोक्यावर पाट्या वाहिल्या ते म्हातारे त्या तलावांकडे बोट दाखवून ‘आम्ही खोदला’ असे सांगत. कोणी दिला, हे नंतर.

आता आपल्यापैकी सगळ्यांची काही शेती नाही. कोणी दवाखान्यात परिचारिका आहे, कोणी शाळेत शिकवतो, कोणाचे किराणा दुकान आहे, कोणी कारखान्यात कामाला आहे. पण हंगामात ही माणसे आपल्या प्रत्येकाच्या वाटेत येतात. संध्याकाळी रस्त्याकडेला वाढ्याच्या पेंढ्या विकायला बसलेल्या बाईशी आपण पाच रुपयांसाठी किती वेळ घासाघीस करतो? तिच्या दिवसातली ती एकच वस्तू असते जिची किंमत तिला स्वतःला सांगता येते. दवाखान्याच्या रांगेत “ए, तुम्ही कोपीवाले, मागं सरा” असे म्हटले जाते, की नाव विचारून केसपेपर काढला जातो? वर्गात चार महिन्यांसाठी आलेल्या मुलाला बाकावर जागा मिळते की दाराजवळ? पहाटे अंधारात उसाच्या गाडीमागे आपण हॉर्न वाजवत राहतो, की दोन मिनिटे दम धरतो? दोन रुपयांचा लाल चकाकणारा पट्टा गाडीच्या मागे चिकटवून दिला तर एखादा जीव वाचतो. तरुण मंडळाने यंदा हे काम मनावर घेतले तर पट्ट्यांचा खर्च चर्चच्या पेटीतून होईल.

आणि “अरे-तुरे”चेही पाहावे. साठीच्या माणसाला केवळ तो फडात आहे म्हणून एकेरी हाक मारायची आणि त्याच वयाच्या वारकऱ्याला “माउली” म्हणायचे, हे भाषेचे दोन काटे आपण घरातल्या मुलांसमोर वापरतो. मुले व्याकरण तेथूनच शिकतात.

रूथने पुढे बवाजशी लग्न केले. राजा दावीद त्यांच्या मुलाचा नातू. १७ डिसेंबरच्या मिस्सेत मत्तयच्या शुभवर्तमानातील येशूची वंशावळ वाचली जाते. ती लांबलचक यादी सुरू झाली की मागच्या बाकांवर चुळबुळ होते, हे आम्हांला वेदीवरून दिसते. यंदा पाचव्या वचनापर्यंत तरी कान द्यावा. तेथे त्या सरवा वेचणाऱ्या परगावच्या बाईचे नाव येते.